३८ तास जागे, आणि खोली म्हणे तीन वाजता

यवतेश्वर_पायवाट (सातारा)

दिवाळीनंतर लेकीकडं जर्मनीला जाऊन आलो. प्रवासवर्णन लिहिणार नाही. राजवाडे, चर्च, नद्या सगळ्यांच्या फोटोत सारख्याच दिसतात, आणि आमचे फोटो सौ.च्या फोनमध्ये अडकलेत. मला फक्त पहिल्या दिवसाबद्दल बोलायचंय. व्हिसा, विमा, थर्मल, कुठल्या बॅगेत किती किलो, यावर घरात महिनाभर खल झाला. त्या एका दिवसाबद्दल मात्र ना कुणी सांगितलं, ना आम्ही विचारलं.

लेक हायडेलबर्गला नर्स आहे. तिच्या वसतिगृहात पाहुणे चालत नाहीत. म्हणून दोन रात्री फ्रँकफुर्टला हॉटेल, मग तिच्या गावाजवळ एक घर भाड्यानं, असा बेत होता. आम्ही पोचणार त्या रविवारी तिची दुपारपर्यंत ड्युटी. "बाबा, सकाळी उतरा, हॉटेलवर जा, आराम करा, मी संध्याकाळी येतेच." ऐकायला किती सरळ वाक्य आहे बघा.

शनिवार, २५ ऑक्टोबर. नेहमीप्रमाणं साडेपाचला उठलो. विमान रात्री पावणेतीनचं, म्हणजे तारखेनं रविवारचं. (या भानगडीत आमचे शेजारी रविवारी रात्री नारळ घेऊन दाराशी उभे होते असं नंतर कळलं.) साताऱ्यातून निघालो दुपारी बाराला. एवढ्या लवकर का, तर भाऊबीज गुरुवारी झालेली आणि सगळा मुलूख पुण्या-मुंबईकडं परत निघालेला. आनेवाडीला रांग, खंबाटकीच्या बोगद्याआधी रांग, खेड शिवापूरला रांग, नवले पुलाचं तर नावच काढू नका. सहारला, मुंबई विमानतळावर, पोचायला साडेआठ वाजले. काउंटर उघडला पावणेबाराला. तोवर खांबाशी बसून दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी खाल्ली. ती या सगळ्या प्रवासातली सर्वांत चांगली जेवणाची वेळ.

विमानात मधल्या चारांतल्या मधल्या दोन जागा आमच्या. पहाटे साडेतीनला जेवण आलं. त्या वेळी माणूस जेवतो का उठतो? मी नको म्हणत होतो, तर सौ. म्हणाली, "पैसे दिलेत, घ्या." घेतलं. मग दिवे गेले आणि पुढच्यानं खुर्ची मागं टाकली, ती थेट माझ्या गुडघ्यावर. समोरच्या पडद्यावर ते छोटं विमान तुर्कस्तानच्या आसपास चिकटून बसलेलं. दर वेळी डोळा लागला असं वाटायचं आणि बघितलं की बारा मिनिटं झालेली असायची.

उतरायच्या आधी बूट घालायला गेलो तर पाय आत जाईनात. सौ.चं त्याहून अवघड. तिची जोडवी बोटात रुतली होती. चाळीस वर्षांत निघाली नाहीत ती तिथं काढायची कशी? हात धुवायच्या साबणानं प्रयत्न करत होती त्या एवढ्याशा संडासात, बाहेर दहा माणसं उभी. निघाली नाहीतच. तशीच चप्पल घालून उतरली. बाहेर आठ अंश.

विमान टेकलं सव्वासातला. पासपोर्टच्या रांगेत तास-सव्वा तास. खिडकीतल्या माणसानं विचारलं, किती दिवस राहणार? माझं डोकं कोरं. खरंच काही आठवेना. मागून सौ. म्हणाली, "थर्टीन." तिचं इंग्रजी तेवढंच, पण वेळेवर.

विमानतळाच्या खालूनच गाडी मिळते, बारा-तेरा मिनिटांत मोठ्या स्टेशनला. तिकीट तपासायला फाटकसुद्धा नाही, लोक आपापलं काढतात. हॉटेल स्टेशनसमोर. काउंटरवरच्या बाईला नाव सांगितलं, तिनं हसून सांगितलं, खोली तीन वाजता. मी घड्याळ बघितलं, साडेदहा. म्हटलं चला, साडेचार तास, काढू कसेतरी. तेवढ्यात भिंतीवरच्या घड्याळाकडं लक्ष गेलं. साडेनऊ.

लेकीनं सांगितलं होतं "साडेतीन तास वजा कर", तसं मी विमानातच घड्याळ लावलं होतं. पण ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी पहाटे युरोपात घड्याळं एक तास मागं घेतात. वर्षातला सगळ्यांत लांब दिवस, २५ तासांचा, आणि आम्ही बरोबर त्याच दिवशी जाऊन पडलो!

बॅगा ठेवून घेतल्या त्यांनी. आम्ही तिथल्याच सोफ्यावर बसलो. पाच मिनिटांत सौ.ची मान पडली. मग एक तरुण आला आणि फार सभ्यपणे म्हणाला, इथं झोपता येणार नाही. सभ्यपणाच जास्त लागला. आपल्याकडं एसटी स्टँडवर सुद्धा म्हाताऱ्या माणसाला कुणी उठवत नाही.

बाहेर पडलो तर रविवार. तिथं रविवारी दुकानं बंद, म्हणजे खरोखर बंद. स्टेशनातली तेवढी उघडी. मला लघवीला जायचं होतं, तर दाराशी यंत्र, एक युरो टाका. माझ्याकडं साताऱ्यात घेतलेल्या पन्नासच्या कोऱ्या नोटा. कार्ड सौ.च्या पर्समध्ये, पर्स बॅगेत, बॅग हॉटेलात. शेवटी एका टपरीवर मिठाचे खडे चिकटवलेला वेटोळा पाव घेतला, बाई नोटेकडं बघून तोंड वाकडं करत होती, पण सुटे दिले. जन्मात एवढ्या घाईनं पाव विकत घेतला नसेल कुणी.

मग माइन नदीच्या काठाला जाऊन बाकावर बसलो. ऊन पडलं होतं, पण त्यात ऊबच नव्हती. सौ.नं शाल डोक्यावरून घेतली, चिवड्याची पिशवी उघडली आणि तशीच झोपली, पिशवी मांडीवर. थोड्या वेळानं दोन पक्षी आले, बदकापेक्षा मोठे, डोळ्याभोवती तपकिरी चट्टा, जसं कुणी काजळ पसरवलंय. अगदी जवळ येऊन चिवड्याकडं बघत उभे. मी हाकलायला उठावं एवढीही ताकद नव्हती. लेकीनं नंतर सांगितलं, ते मूळचे आफ्रिकेतले हंस, इजिप्शियन म्हणतात त्यांना, इकडं येऊन स्थायिक झालेत. बरोबर आहे, त्यांना खोली मिळाली असणार.

तीनला खोली मिळाली. आपल्याकडं तेव्हा संध्याकाळचे साडेसात. पहाटे साडेपाच ते दुसऱ्या दिवशी संध्याकाळी साडेसात. अडतीस तास.

तर लोकहो, तुम्ही जाणारे-येणारे हे मधले तास कसे काढता?

---

पाचवड_फाटा

काका, आदल्या रात्रीचं बुकिंग करायचं. म्हणजे शनिवारपासून खोली तुमची, सकाळी सातला या नाही तर नऊला, किल्ली घ्या आणि आडवे व्हा. फक्त हॉटेलला आधी कळवायचं की आम्ही सकाळी येतोय. नाही तर रात्री आला नाहीत म्हणून बुकिंग रद्द करून मोकळे होतात.

---

यवतेश्वर_पायवाट (सातारा)

लेक हेच म्हणाली होती. एका रात्रीचे नव्वद युरो. म्हणजे नऊ हजारांवर गेले. न झोपलेल्या रात्रीचे नऊ हजार द्यायचे?

---

पाचवड_फाटा

रात्रीचे नाही, सकाळचे द्यायचे. दोघांचं तिकीट, व्हिसा, विमा मिळून दोन-अडीच लाख गेले असतील आणि नेमक्या नऊ हजारांला हात आखडला. राग मानू नका, माझ्या वडिलांनीही हेच केलं होतं. ते पॅरिसला उतरले होते. त्यांनी आठ तास एका बागेत काढले आणि पुढं तीन दिवस सर्दीनं अंथरुणात.

---

मिरज_जंक्शन

चूक विमानात नाही, निघण्यात झाली. दुपारी बाराला गाडीत बसून रात्रभर जागत विमानतळावर जायचं म्हणजे अर्धी दमछाक इथंच.

आमची पद्धत सांगतो. आदल्या रात्री महालक्ष्मी एक्स्प्रेस. सांगली-मिरजेहून रात्री जेवून बसायचं, साताऱ्याला ती मध्यरात्रीच्या आसपास येते, सकाळी मुंबई. स्लीपरमध्ये पाय पसरून झोप होते. मग मुंबईत बहिणीकडं किंवा कुणाकडंही आंघोळ, जेवण, दुपारी चार तास पडदे लावून झोप. रात्री दहाला विमानतळ. ना टोल, ना नवले पूल. आमच्या धाकट्याला तीन वेळा असंच पाठवलंय. विमानात बसताना माणूस ताजा असला पाहिजे, तिथं झोप मिळेल हा भरवसाच धरू नये.

---

कोरेगावची_सून

हे सगळं मुंबईत बहीण असेल तर. 😀 आमचं मुंबईत कुणी नाही. आणि दोन माणसांच्या चार मोठ्या बॅगा घेऊन सीएसएमटीला उतरायचं, तिथून अंधेरी, हे साठीच्या माणसांना जमतं का? साताऱ्याला तर गाडी दोन-तीन मिनिटं थांबते. स्टेशन माहुलीला, तिथल्या फलाटावर मध्यरात्री बॅगा चढवताना माझ्या सासऱ्यांची कंबर धरली होती.

काका, जोडव्यांचं वाचून मला माझ्या सासूबाई आठवल्या. निघाली का शेवटी?

---

यवतेश्वर_पायवाट (सातारा)

दुसऱ्या दिवशी सकाळी सूज उतरली, मग तेल लावून निघाली. येताना पर्समध्ये. विमानातून उतरल्यावर मुंबईत पहिलं काम जोडवी घालायचं केलं, लोक बघत होते.

---

विश्रामबाग_दवाखाना

डॉक्टर आहे, सांगलीत. थोडं लिहितो, उपयोगी पडेल म्हणून.

जोडवी रुतली, बूट जाईनात, हे का झालं? नऊ-दहा तास पाय खाली सोडून बसलं की रक्त आणि पाणी खाली साचतं. पोटरीचा स्नायू हलला की तो पंपासारखं रक्त वर ढकलतो, बसून राहिलं की पंप बंद. म्हणून तासा-दीड तासानं उठून दोन चकरा, नाही जमलं तर जागेवर टाचा वर-खाली. फुगलेले पाय आपोआप उतरतात, त्याची भीती नाही. भीती असते ती पोटरीतल्या शिरेत गुठळी होण्याची. ज्यांना आधी असं झालंय, नुकतं ऑपरेशन झालंय, त्यांनी आपल्या डॉक्टरला विचारूनच निघावं, घट्ट मोजे त्यांनी सांगितल्या मापाचे घ्यावेत. एकाच पायाची पोटरी दुखून सुजली, किंवा दम लागला, तर "प्रवासाचा थकवा" म्हणून घरी बसू नये.

दुसरं, विमानात हवेचा दाब जमिनीसारखा नसतो. साधारण सहा ते आठ हजार फुटांवर असतो तेवढा ठेवतात. आपलं महाबळेश्वर साडेचार हजार फूट. म्हणजे महाबळेश्वराच्याही बऱ्याच वर एखाद्या डोंगरावर रात्रभर खुर्चीत बसून काढलीत असं समजा. हवा इतकी कोरडी की ओलावा बऱ्याचदा वीस टक्क्यांच्या खाली. घसा सुकतो, नाक भरतं, डोकं जड होतं. पाणी प्यायचं. दारू नको, विशेषतः झोपेच्या गोळीबरोबर तर नकोच नको. फुकट मिळते म्हणून घेणारे आमच्याकडं येऊन सांगतात, म्हणून लिहिलं.

तिसरं, मधुमेहवाले. पश्चिमेला जाताना तुमचा दिवस लांबतो, जर्मनीला साडेतीन-साडेचार तासांनी, अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्याला तर साडेनऊ-साडेदहा तासांनी. जेवणं वाढतात, औषधांच्या वेळा हुकतात. इन्सुलिन घेणाऱ्यांनी निघायच्या आठवडाभर आधी डॉक्टरकडून वेळापत्रक लिहून घ्यावं. औषधं हातातल्या पिशवीत, चिठ्ठीसकट. मोठ्या बॅगेत टाकली आणि बॅग चुकली की रविवारी युरोपात धावाधाव होते.

---

वारणाकाठ

डॉक्टर, मग तिथं पोचल्यावर रात्री दीड-दोनला टक्क जाग येते ती का? आमची आई लंडनला दोन आठवडे पहाटे तीनला भांडी घासत होती. खालच्या मजल्यावरचे तक्रार घेऊन आले.

---

विश्रामबाग_दवाखाना

मेंदूत एक घड्याळ आहे आणि ते उजेडावर लागतं. डोळ्यात सकाळचा उजेड गेला की त्याला कळतं की दिवस झाला. याच शरीरातल्या घड्याळाच्या पेशीतल्या यंत्रणेसाठी २०१७ चं वैद्यकाचं नोबेल तीन अमेरिकन शास्त्रज्ञांना मिळालं. हे घड्याळ मनगटावरच्यासारखं एका झटक्यात फिरवता येत नाही, दिवसाला साधारण तासभर सरकतं. काका साताऱ्यात साडेपाचला उठतात. घड्याळं मागं गेल्यावर जर्मनीत तेव्हा रात्रीचा एक. त्यांच्या शरीरानं तर वेळेवरच उठवलं!

आणि आपलं आतलं चक्र चोवीस तासांपेक्षा किंचित लांब असतं. म्हणून दिवस लांबवणं, म्हणजे पश्चिमेला जाणं, त्याला सोपं. पूर्वेला जाणं किंवा परत येणं अवघड. काका, परतल्यावर जास्त त्रास झाला ना?

---

यवतेश्वर_पायवाट (सातारा)

झाला डॉक्टर. साताऱ्यात आठ दिवस सकाळी साडेआठला उठत होतो. यवतेश्वरला जाणारे मित्र म्हणाले, जर्मन झालात काय.

तुम्ही एक वाजल्याचं लिहिलंत ते तंतोतंत. लेक पाचच्या सुमारास आली तेव्हा आम्ही दोघं पालथे. तिनं ओढून उठवलं, "आता झोपलात तर रात्री जागाल." बाहेर बघितलं तर सव्वापाचलाच अंधार, दिवेलागण झालेली. तिनं आग्रहानं फिरायला नेलं, मी चालताना झोपत होतो. आठला परत आडवे.

एक वाजून दहा मिनिटांनी जाग आली. शेजारी बघितलं, सौ.चेही डोळे उघडे. लेक जमिनीवर पांघरूण घेऊन गाढ, तिची सलग सहा दिवस ड्युटी झालेली. उठवायचं कसं? दिवा न लावता फोनच्या उजेडात खोलीतल्या किटलीवर पाणी ठेवलं. ती किटली अशी गर्जते की विमान परवडलं. घरून नेलेली चहापत्ती, दुधाची पावडर, आलं किसायला काही नव्हतं म्हणून सौ.नं दातानं तोडून टाकलं. मग दोघं खिडकीत बसून चहा आणि शंकरपाळी. खाली रस्त्यावर एक ट्राम उभी, आत कुणी नाही, दिवे चालू. सौ. म्हणाली, "एकटीनं अशी कशी राहिली असेल पहिल्या रात्री." तीन वर्षांपूर्वी लेक याच शहरात एकटी उतरली होती, आम्ही साताऱ्यातून फोनवर विचारत होतो, जेवलीस का, जेवलीस का.

ती झोपेतच म्हणाली, "चहा मलापण ठेव." सौ.नं आपला अर्धा कप तिच्यापुढं धरला.

---

भडंगवाली (मेलबर्न)

काका, हे वाचून रडवलंत सकाळी सकाळी.

मी सांगलीची. २०१६ मध्ये शिकायला आले, सिंगापूरमार्गे. सकाळी उतरले, बसनं शहरात आले, आणि जिथं राहायचं होतं त्या घरमालकीणबाई नोकरीवर. किल्ली संध्याकाळी साडेपाचला मिळणार. पाठीवर एक, हातात दोन बॅगा. मी सगळ्यांत शहाणं काय केलं असेल तर सार्वजनिक वाचनालयात गेले. मेलबर्नचं राज्य वाचनालय दहाला उघडतं, ओळखपत्र लागत नाही, पैसे नाहीत, स्वच्छतागृह फुकट. वर मोठा घुमट असलेली वाचनाची खोली आहे, १९१३ सालची. खाली गोलाकार हिरव्या दिव्यांची टेबलं. एक जाड पुस्तक उघडं ठेवून त्यावर डोकं टेकलं. कोणतं पुस्तक होतं आठवत नाही, गालावर त्याच्या कडेची रेघ उठली होती एवढं आठवतं. गार्डनं एकदा टेबलावर टकटक केलं, मी पान उलटलं, तो गेला.

दुपारी शहराभोवती फिरणारी जुनी ट्राम आहे, तिला तिकीट नाही. तिच्यात दोन फेऱ्या झोपेत काढल्या. माझं मत, नव्या शहरात उतरलात की आधी वाचनालय शोधा. बाग थंडीत निरुपयोगी, हॉटेलचा सोफा अपमानास्पद, आणि मॉलमध्ये बसायला काहीतरी विकत घ्यावं लागतं.

---

यवतेश्वर_पायवाट (सातारा)

रविवारी वाचनालयंही बहुतेक बंद असतात तिथं. पण सूचना पक्की. आपल्या नगर वाचनालयात मी इतकी वर्षं पेपर वाचता वाचता झोपतोच, जर्मनीत ते सुचलं नाही.

---

कोरेगावची_सून

अवांतर होईल, पण विचारते. चिवडा-भडंग चालतं का न्यायला? आणि कंदी पेढे? पुढच्या महिन्यात नणंदेकडं जायचंय, तिनं पेढ्यांसाठी चार वेळा फोन केलाय.

---

भडंगवाली (मेलबर्न)

पेढे विसरा. ऑस्ट्रेलियात दुधाची भारतीय मिठाई, पेढे-बर्फी, येऊ देत नाहीत. युरोपात आणि इंग्लंडमध्येही भारतातून दुधाचे पदार्थ न्यायला बंदी आहे. भडंग आईनं आणलं तेव्हा कार्डावर "खाद्यपदार्थ आहेत" यावर खूण केली, अधिकाऱ्यानं पिशवी हलवून बघितली, वास घेतला, सोडलं. लपवून न्याल तर मात्र दंड, आणि तोही चिवड्याच्या किमतीत नाही. सांगायचं, मग त्यांनी फेकलं तर फेकू दे. थकलेलं असताना खोटं बोलायचं नाही, चेहऱ्यावर दिसतं.

---

खंबाटकी_बोगदा

एक सोपा उपाय कुणीच लिहिला नाही. व्हीलचेअर मागायची. तिकीट काढतानाच टाकायची. मुंबईपासून तिकडं बाहेर पडेपर्यंत माणूस ढकलत नेतो, रांगा नाहीत, पासपोर्टची खिडकी वेगळी. आई-बाबा दर वेळी तसेच जातात. दोघंही धडधाकट आहेत.

---

वारणाकाठ

धडधाकट आहेत आणि व्हीलचेअर? माझी आई खरोखर चालू शकत नाही. मुंबईला पन्नास मिनिटं वाट बघत बसवलं, कारण खुर्च्या संपल्या होत्या. समोरून गेलेल्या एका काकू खुर्चीतून उतरून तुरुतुरु चालत ड्युटी फ्रीच्या दुकानात शिरल्या, मी डोळ्यांनी बघितलं.

---

खंबाटकी_बोगदा

रांगेत तासभर उभं राहिल्यावर धडधाकटही बसतो. नियमात वय विचारत नाहीत.

---

विश्रामबाग_दवाखाना

गुडघे, हृदय, दमा, तोल जाणं, यासाठी खुर्ची जरूर मागा, लाजू नका, आणि निदान दोन दिवस आधी कळवा. भाषा येत नाही म्हणून सोबत हवी असेल तर काही कंपन्या त्यासाठी वेगळी मदत देतात, ती मागा. चालू शकणाऱ्याला रात्रभराच्या प्रवासानंतर बसवून ढकलणं हे मी वर पोटरीबद्दल लिहिलं त्याच्या बरोबर उलटं आहे. त्यांना त्या लांबलचक बोळातून चालू द्या.

---

पाचवड_फाटा

रांगेवरून आठवलं. १२ ऑक्टोबर २०२५ पासून युरोपच्या हद्दीवर पासपोर्टवरच्या शिक्क्याऐवजी संगणकात नोंद, चेहऱ्याचा फोटो असं टप्प्याटप्प्यानं सुरू झालं. नवीन पद्धत बसेपर्यंत रांगा लांबणार. जोडून दुसरं विमान किंवा रेल्वेचं तिकीट असेल तर मध्ये भरपूर वेळ ठेवा. काकांना तासभर लागला, ते नशीबवान.

---

मिरज_जंक्शन

खुर्चीवरून भांडणं झाली, आता माझं ऐका. काकांनी बाकावर बसून काढलेले ते तास मला सगळ्यांत चांगले वाटले. आमच्याकडं आयर्विन पुलाखाली कृष्णेच्या काठाला अशीच माणसं दुपारी येऊन बसतात, तालुक्याहून आलेली, दवाखान्याची वेळ चारची असते, गाडी सकाळी आठलाच उतरवते. परगावात वेळ काढायची कला त्यांच्याकडून शिकावी. पिशवी उशाला, चपला पिशवीखाली, तोंडावर टॉवेल.

---

यवतेश्वर_पायवाट (सातारा)

चपला पिशवीखाली हे आमचं राहिलं. पण चोरायला होतं कोण, ते दोन हंस.

पाचवड_फाटा, तुमचं नऊ हजारांचं गणित सौ.ला वाचून दाखवलं. ती म्हणाली, "त्यांना सांगा, पुढच्या वेळी शनिवारपासूनच घेणार आहोत, आणि ते नऊ हजार यांच्या पेन्शनमधून." मी काही बोललो नाही. पुढची वेळ आहे एवढं तरी कळलं.

---

ठोसेघर_धबधबा

धागा दोन दिवस वाचतोय, लिहिलं नव्हतं. आज रात्रीचं विमान, पहिल्यांदाच, म्युनिक. आई-बाबा आणि मी. आत्ता आनेवाडी टोलच्या रांगेत आहे, मागच्या सीटवर बाबा घोरतायत, म्हटलं झोपू दे, तेवढीच शिल्लक पडेल. हॉटेल आदल्या रात्रीपासून घेतलंय, औषधं हातातल्या पिशवीत, आईची जोडवी काल रात्रीच काढली. पेढे घरी ठेवले. काही राहिलं का?

---

यवतेश्वर_पायवाट (सातारा)

एक युरोची नाणी. अहो आधी सांगायचं की, पोवई नाक्यावर आणून दिली असती. माझ्याकडं सात पडून आहेत.